डब्यातला पोकळा

भीतीचीसुद्धा एक वेळ ठरलेली असते. माझी दिवेलागणीची होती. त्या वेळी इतर घरांत बायका कंदिलाच्या काचा पुसत, पोरांना हातपाय धुवायला हाकलत. मी मात्र ऊन उतरायला लागलं की मुलीला ओढून जवळ बसवायची आणि मनात म्हणायची, आज तरी हिला दिसू दे.

लढाईची वर्षं होती. जळगावात एका तिमजली इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. मी, यजमान, आमची पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या साक्रीकडच्या, मी चोपड्याकडची. दोघी शेतकऱ्यांच्या लेकी, आणि जमिनीपासून एवढ्या उंचावर राहणं दोघींनाही कधी मानवलं नाही. यजमान कापसाच्या एका जिनात कारकून होते. खोल्यांपुढे लांबट गच्ची होती, तिला लोखंडी कठडा होता. कठड्याशी उभं राहिलं की जिनाकडून येणारा रस्ता पार वळणापर्यंत दिसायचा.

एका संध्याकाळी मुलगी जेवायला बसली आणि भाकरीचा तुकडा वाटीत बुडवायचा सोडून वाटीशेजारी फरशीवर बुडवत राहिली. मला वाटलं, खेळतेय. मी ओरडलेही. मग एकदा ती भरल्या हंड्यावर जाऊन आदळली. दुपारी हीच पोर जिन्यावरून उड्या मारत उतरायची, आणि दिवेलागण झाली की भिंत धरून चालायची. मी तिच्या चेहऱ्यासमोर हात हलवून पाहिला. ती हाताकडे बघतच नव्हती, माझा आवाज येत होता तिकडे बघत होती.

डॉक्टरांनी तिची पापणी वर करून मला जवळ बोलावलं. डोळ्याच्या पांढऱ्यात, कडेला, साबणाचा फेस वाळावा तसा बारीक डाग होता. रातांधळं आहे म्हणाले. त्यावरचं मासळीचं तेल विलायतेहून यायचं, आणि लढाईमुळे ते गावात कुणाकडेच नव्हतं. ते हळू बोलणारे गृहस्थ होते, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

"पालेभाजी खायला घाला. रोज, तेला-तुपात करून," ते म्हणाले. "डोळा असाच कोरडा पडत गेला तर बुबुळावर फूल पडेल. मग दिवसाही दिसायचं नाही."

पालेभाजी काय, बाजारात जाऊन आणायची, असं कुणालाही वाटेल. पण त्याच सुमारास गावात पटकी शिरली. आज या आळीत एक गेला, उद्या त्या आळीत दोन. दवंडी पिटली गेली की पाणी उकळून प्या, आणि पालेभाजी, चिरलेली फळं विकायलाही बंदी. भाजी यायची ती नाल्याकाठच्या मळ्यांतून, आणि नाल्याच्या पाण्यातच रोग होता म्हणत. डॉक्टरांकडून परत येताना मी बाजाराच्या तोंडाशी पाहिलं, तर म्युनिसिपालिटीची माणसं भाजीच्या पाट्या खड्ड्यात ओतून वरून चुना टाकत होती. मेथी होती, पोकळा होता, आंबट चुका होता. मुलीचं औषध माझ्या डोळ्यांदेखत पुरलं जात होतं, आणि मी तिचा हात धरून नुसती उभी होते. आंबा अजून पाडाला आला नव्हता. यजमानांनी पिंप्राळ्याच्या एका ओळखीच्या शेतातून शेवग्याचा पाला आणला, तोही लवकरच संपला. उन्हाळ्यातलं झाड ते, किती देणार. माहेरी जावं म्हटलं तर भावाचा निरोप आला की इकडेही पटकी आहे, पोरीला घेऊन वाटेला लागू नका.

तेव्हा मी ठरवलं की भाजी घरीच लावायची. गच्ची होती, ऊन होतं, माहेरून येताना चिंधीत बांधून आणलेलं पोकळ्याचं बी होतं. पोकळा उन्हाला भीत नाही आणि लवकर हाताशी येतो. यजमानांनी जिनातून जुने म्हणून टाकलेले रॉकेलचे डबे आणले, एक फुटका रांजण मिळाला, चहाचं एक खोकं मिळालं. एवढं सगळं गच्चीत मांडून मी वळले, तर दारात आत्या उभ्या होत्या. मुलीला उचलून आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्याचं कारण मला माहीत होतं. आमच्याकडे एकेका घराला एकेक गोष्ट लाभत नाही. कुणाला घरी पापड लाटणं लाभत नाही, कुणाला गोधडी शिवणं. कधीतरी ते काम चाललेलं असताना घरात घात झालेला असतो, आणि मग पुढच्या पिढ्या त्या कामाला हात लावत नाहीत. आमच्या घराला दारची भाजी लाभत नव्हती. शेतात लावलेली चालायची, बाजारातली चालायची. घराच्या दाराशी पेरलेली आणि घरच्या बाईनं खुडलेली मात्र नाही. आत्यांनी लग्नानंतर ती हकिकत मला एकदाच सांगितली होती. तरुण असताना त्यांनी मोरीच्या पाण्यावर मागच्या दारी भाजीचा वाफा केला. सकाळी पहिली जुडी त्यांनी खुडली, आणि संध्याकाळी त्यांचा थोरला मुलगा गेला. दुपारपर्यंत खेळत होता, म्हणाल्या. गावातल्या जाणत्यांनी सांगितलं की दारची भाजी खुडणारीचं मूल घेते. तेव्हापासून कुणी खुडली नाही.

मी चिडकी बाई. अजूनही आहे. बंद दाराशी उभी राहून मी आत्यांना बरंच काही ऐकवलं. म्हटलं, भाजी लावली तर मूल जाईल म्हणता, आणि नाही लावली तर डोळे जाणार आहेत त्याचं काय. यजमान जिनातून आले, त्यांनी आईचं ऐकलं, माझं ऐकलं, आणि दोघींचंही बरोबर आहे असं सांगून हातपाय धुवायला गेले. दोन्ही डगरींवर हात ठेवायची त्यांची जुनी सवय. पण खरं सांगायचं तर माझाही सगळा जोर वरवरचाच होता. आत्यांचा तो मुलगा मी पाहिलेला नव्हता, तरी रात्री डोळे मिटले की मोरीजवळ खेळणारं एक पोर दिसायचं, आणि त्याला माझ्या मुलीचा चेहरा असायचा.

यातून वाट काढली ती शेजारच्या अक्कांनी. त्या एरंडोलकडच्या, विधवा, मूलबाळ नसलेल्या. आमच्या शेजारच्या एका खोलीत राहायच्या. दुसऱ्या घरच्या हातानं करून घेतलं की लाभत नाही ते लाभतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पापडाचा पहिला गोळा नाही का शेजारणीकडून लाटून घेत. अक्कांनी डबे आपले म्हणून जाहीर केले. पेरणार त्या, खुडणारही त्याच. आमच्या गच्चीत फक्त ठेवायचे. आत्यांनी त्यांना विचारलं की तुला भीती नाही वाटत का. अक्का हसल्या.

"मना मांगे कोन शे? मनं काय लयी जाई?" त्या म्हणाल्या.

नेण्यासारखं मूलच नाही म्हणून आलेलं ते हसणं मला आवडलं नाही, पण गरज माझी होती. आत्यांनी मोडता घातला नाही, आणि तोच आम्ही होकार धरला.

पहिली पेरणी फसली, आणि ती माझ्यामुळे. कपाशीच्या मुलखातल्या पोरीला काळ्या मातीशिवाय दुसरी माती माती वाटत नाही. मी पिंप्राळ्याच्या वाटेवरची चांगली काळीभोर माती मागवून डबे गळ्यापर्यंत भरले होते. शेतात ती सोनं असते. डब्यात तिनं पाणी पिऊन असा चिखल केला की बी आतच कुजलं. आणि दोन उन्हं लागल्यावर ती आक्रसून पत्र्यापासून सुटली, वर ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जायला लागलं. डबा उपडा केला तर माती डब्याच्याच आकाराची, अख्खी वीट होऊन बाहेर आली. आत्या दारातून बघत होत्या. मातीच नको म्हणतेय, एवढंच म्हणाल्या. मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही, कारण त्या क्षणी मलाही तसंच वाटलं होतं.

मग मी कांद्याचं रोप टाकताना माझी आई काय करायची ते आठवून आठवून सगळं नव्यानं केलं. खिळा आणि वरवंटा घेऊन डब्यांच्या बुडाला भोकं पाडली. भोकांवर कौलांच्या खापऱ्या ठेवल्या. काळ्या मातीत निम्मी रेती कालवली, बैलगाड्यांच्या अड्ड्यावरचं कुजलेलं शेण कालवलं, चुलीतली मूठभर राख टाकली. अक्कांनी बी पेरलं. दुपारच्या उन्हाला वर गोणपाट बांधलं. पिण्याचं पाणी खालच्या नळावरून तीन जिने चढवून आणायचं, तेव्हा झाडांना आंघोळीचंच पाणी. खालच्या मजल्यांवरच्या बायका म्हणायच्या, शेतकऱ्याची लेक डब्यात शेती करतेय, आता बैल कुठे बांधणार. मी हसायची. हसणं जमायचं ते दिवसा.

पोकळा उगवला. लाल देठाचे बारीक कोंब, मग पानं. आत्यांनी झाडांना बोट लावलं नाही. पण वाऱ्यानं गोणपाट सरकलं की त्या काठीनं ते परत नीट करायच्या, हे मी पाहिलं होतं. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इमारतीत कुणी झोका बांधला नाही. मुलीच्या डोळ्यांतला तो डाग वाढला. ती दुपारीही डोळे बारीक करून बसायला लागली, उजेड टोचतो म्हणायची. मी रोज सकाळी तिला गच्चीत नेऊन तिची बुबुळं बघायची, फूल पडलंय का. आणि नंतर वाकून डब्यातली पानं बघायची, किती वाढली. डोळे आणि पानं, डोळे आणि पानं. कुणाची घाई पुढे जाते, एवढाच प्रश्न उरला होता.

पानं वीतभर झाली, आणि त्याच दिवशी इमारतीत पटकी आली. तळमजल्यावरचा एक कर्ता माणूस दुपारी आजारी पडला आणि दिवस मावळायच्या आत गेला. दुसऱ्या दिवशी खोल्यांना कुलपं लागायला सुरुवात झाली. अक्कांचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि त्यांना खाली बसूही न देता घेऊन गेला. जाताना त्या जिन्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. खुडायचं राहिलं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. आम्हाला जायला जागा नव्हती आणि यजमानांना जिनातून रजा नव्हती.

आता खुडणार कोण? इमारतीत उरलेल्या सगळ्या लेकुरवाळ्या. आपल्या घराचा शाप दुसरीच्या ओटीत टाकायला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी त्या रात्री अंथरुणात पडून भोगलं. मुलगी शेजारी झोपली होती. मी तिच्या पापण्यांवर हात ठेवून पाहिला. पहाटेपर्यंत मी मन घट्ट केलं होतं की शाप असो नसो, मीच खुडायचं. उजाडता उजाडता मी गच्चीत गेले.

आत्या तिथे आधीच बसल्या होत्या. आंघोळ केलेली, केस ओले, पदर खोचलेला. तोंडानं कानबाई देवीचं नाव चाललं होतं. त्यांचा हात पहिल्या डब्यावर होता. मी पुढे झाले तसा त्यांनी दुसऱ्या हातानं मला अडवलं.

"तू हात लावू नको. तुले एकच पोर शे."

त्या काय करताहेत ते मला तेव्हा समजलं. दारची भाजी खुडणारीचं मूल घेते. मी खुडली तर माझी मुलगी. आत्यांनी खुडली तर त्यांचा मुलगा. थोरला गेल्यावर उरलेला एकुलता एक, म्हणजे माझे यजमान. मी म्हणाले, "आत्या, तुमले बी एकच शे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. देठ बोटांत धरून ठेवला होता.

"मना मोठा व्हई गया," त्या म्हणाल्या. "त्यानी दुन्या देखी. तिले अजून देखनी शे."

आणि त्यांनी खुडलं.

लसूण घालून, तेल जरा सढळ सोडून मी ती भाजी केली आणि मुलीला भरवली. मी त्यांना अडवलं नाही. अडवावंसं वाटलंही नाही, आणि मग दिवसभर त्याचीच लाज वाटत राहिली. यजमानांना यातलं काही सांगितलं नाही. ते जिनात निघाले तेव्हा आत्यांनी त्यांना दोनदा परत बोलावलं, एकदा छत्रीसाठी, एकदा उगीचच. संध्याकाळी जिनाचा भोंगा झाला आणि आत्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मीही गेले. पटकी गावात होतीच, तिला शापाचीही गरज नव्हती. वळणावर यजमान दिसेपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही.

मग रोज तसंच. सकाळी आत्या खुडायच्या. शेंडा खुडला की बाजूनं नवे फुटवे यायचे, पोकळ्याचं तसं असतं. मुलगी खायची. यजमान कुरकुरायचे की घरात भाजी होते आणि मला घासभर मिळत नाही. आत्या म्हणायच्या, औषध आहे ते, तुझे डोळे चांगले आहेत. आणि भोंगा झाला की आम्ही दोघी कठड्याशी.

एका संध्याकाळी भोंगा होऊन गेला आणि ते आले नाहीत. रस्ता रिकामा झाला. अंधार पडला. आत्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. मला आठवतं, मी मनातल्या मनात देवाला सांगत होते की ह्यांना आणून दे. आणि लगेच धसका बसायचा, की त्याच्या बदल्यात देव काय मागेल. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर ते आले. जिनातल्या एकाला पटकी झाली होती, त्याला ह्यांच्यासह चौघांनी उचलून दवाखान्यात नेलं होतं. आत्यांनी ऐकून घेतलं, त्यांना अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळीला बसवलं, कपडे उकळायला टाकले. त्यानंतरच्या रात्री मी जागीच होते. ते कूस वळले की माझा जीव जायचा. आता आत्या खुडायचं सोडतील असं मी धरून चालले होते. सकाळी त्या डब्यापाशी बसलेल्या दिसल्या. खुडताना देठाबरोबर एक झाड मुळासकट उपटून आलं. ते त्यांनी परत मातीत खोचलं आणि पुढच्या डब्याकडे वळल्या.

यजमानांना काही झालं नाही. पण भीती काही त्यामुळे कमी होत नव्हती. आज नाही झालं म्हणजे उद्यावर गेलं, एवढाच तिचा हिशेब होता.

मुलीचं दुपारचं डोळे बारीक करणं थांबलं. डाग होता तेवढाच दिसत होता, की कमी झाला होता, मला नीट सांगता येत नव्हतं. रोज बघून बघून माझा माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. संध्याकाळी ती अजूनही भिंत धरायची. पण सवयीनं धरते की गरजेनं, हे विचारायची मला हिंमत नव्हती. जे उत्तर येईल त्याला मी भीत होते.

अशाच एका संध्याकाळी भोंगा झाला. आम्ही दोघी नेहमीसारख्या कठड्याशी गेलो. मुलगीही चाचपडत येऊन आमच्या मध्ये उभी राहिली, गजांतून तोंड काढून. आभाळ भरून आल्यानं अंधार लवकर पडला होता. वळणावर माणसं नुसती हलताना दिसत होती, त्यांतलं कोण कुठलं ते मला ओळखू येत नव्हतं. आत्या कपाळाला हात लावून बघत होत्या, त्यांनाही कळत नव्हतं.

"मोठी माय, नाना उना," मुलगी आत्यांना म्हणाली.

आत्या हलल्या नाहीत. पोर बापाची वाट बघता बघता नाना आले असं अंदाजानं बोलली असेल, असं माझ्या मनात आलं. आत्यांच्याही आलं असावं, कारण त्यांनी अगदी हळू विचारलं, "हातमा काय शे त्याना?"

"छत्री," ती म्हणाली. "आन टोपी. डोकावर नही, हातमा."

आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. खालची आकृती जवळ येत येत दाराशी आली. हातात छत्री होती आणि टोपी होती.

आत्या होत्या तिथेच खाली बसल्या. जिन्यावर पावलं वाजली, यजमान वर आले आणि दारात थबकले. आत्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्यावर खेकसल्या, "इतला उशीर कसाले करस रे?"

उशीर झालाच नव्हता. त्यांनी काय झालं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मुलीला घट्ट धरून रडत होते. आणि ती माझ्या हातांतून सुटायची धडपड करत, गजांतून बोट बाहेर काढून, रस्त्यावरून आणखी कोण कोण चाललंय ते आत्यांना सांगत होती.